देवाचे देणे आणि वाढणाऱ्याचा हात

सप्ताहाची समाप्ती होते, काल्याचे कीर्तन आटोपते, आरती होते आणि प्रसाद वाटणारा रांगेतून फिरू लागतो. त्या वेळी माणसे काय करतात हे एकदा सावकाश पाहावे. लहान पोरसुद्धा उजव्या हाताखाली डावा हात धरते. म्हातारी माणसे आधी पदर सावरतात, उपरणे सावरतात आणि मग ओंजळ पुढे करतात. हातावर चार लाह्या पडोत, फुटाणे पडोत की दह्याचा आंबट काला पडो, तो आधी कपाळाला लागतो आणि मग तोंडात जातो. एखादा दाणा खाली पडला तर मनुष्य वाकून उचलतो, पायदळी जाऊ देत नाही. आणि शेजाऱ्याला मूठभर मिळाला, मला चिमूटभर का, असे कोणी विचारीत नाही. पंगतीत आमटी पातळ झाली म्हणून कुरकुरणारा गृहस्थदेखील प्रसादाच्या वेळी चिमटीवर तृप्त असतो.

ही रीत आपण पुस्तकातून शिकलो नाही. आईने मनगट धरून शिकविली, आजीने डोळे वटारून पक्की केली. आज या रीतीचाच थोडा विचार करावयाचा आहे. कारण देवाकडून वारकऱ्याला जे खरे मोठे देणे मिळते, म्हणजे नामाची गोडी, गोड गळा, ओवीचा अर्थ उकलण्याची बुद्धी, कीर्तनात उभे राहण्याचे धैर्य, एखाद्या पहाटे काकड्याच्या वेळी अकस्मात भरून आलेले मन, ते देणे घेताना मात्र आपण ही रीत विसरतो, असे आम्हांस पुष्कळदा दिसून येते. लाह्या आपण दोन्ही हातांनी घेतो आणि गळा मात्र आपल्याच बापजाद्यांची इस्टेट असल्यासारखा वापरतो.

प्रसाद या शब्दाचा मूळ अर्थ खाऊ असा नाही. प्रसाद म्हणजे प्रसन्नता, निर्मळपणा. देव प्रसन्न झाला, त्याची खूण हातावर आली, तो प्रसाद. दुकानातून पेढ्यांचा पुडा आणला, तोवर पेढे आपले होते. आपण पैसे मोजले होते. देवापुढे ठेवले, पाणी फिरविले, हात जोडले. तेच पेढे परत आले. वजन तेच, गोडी तीच. मग बदलले काय? बदलली ती मालकी. देवापुढे ठेवताना आपण त्यांच्यावरून हात काढून घेतला. आता जे परत आले ते दुसऱ्याचे म्हणून आले, आणि म्हणूनच ते वाटावे लागते. पेढे एकट्याने खाल्ले तर कोणी नाव ठेवणार नाही. प्रसाद एकट्याने खाल्ला तर घरातले पोरही म्हणेल, ‘अहो, आम्हाला?’

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. प्रसाद देवाचा खरा, पण तो देव स्वतः गाभाऱ्यातून उठून वाढावयास येत नाही. वाढणारा कोणीतरी असतो. कधी तो गावचा पाटील असतो, कधी नुकतीच मिसरूड फुटलेले पोर असते, कधी ज्याच्याशी आपला बांधावरून तंटा चालला आहे तोच भाऊबंद हातात परात घेऊन समोर येतो. तेव्हा हात पुढे करावा लागतो. मोठ्या देण्याचेही असेच आहे. देणारा पांडुरंग, पण हात दुसऱ्या कोणाचा तरी. आमच्या मते परमार्थातल्या नम्रतेची सगळी कसोटी इथेच लागते. देवापुढे वाकणे फारसे अवघड नाही. तो विटेवर उभा, बोलत नाही, उणे काढीत नाही. ज्याच्या हातून त्याने देणे पाठविले त्या माणसापुढे वाकणे अवघड.

नामदेवरायांची गोष्ट कीर्तनातून आपण शंभर वेळा ऐकली आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. मुक्ताबाईने कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारले की, काका, हे कशासाठी? काका म्हणाले, कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते हे याने कळते. मग इथे बसलेली मडकी पाहा की, असे ती म्हणाली, आणि काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत निघाले. सारे गप्प बसले. नामदेवराय मात्र चिडले आणि काकांनी निकाल दिला: हे मडके कच्चे.

कीर्तनात या जागी हशा होतो. हशा व्हावा, गोष्टच तशी आहे. पण हसून झाल्यावर थोडे थांबावे. थापटण्याने कोणाचे ज्ञान तपासले नव्हते. वेदान्ताचा एकही प्रश्न विचारला नव्हता. मारलेला हात कोण कसा घेतो, एवढेच पाहिले होते. आणि जो नापास झाला तो काही असातसा भक्त नव्हता. ज्याच्या हातचा नैवेद्य देव खात असे, ज्याच्याशी देव बोलत असे, तो नामदेव! त्याला कमी काय होते? आमच्या अल्पमतीप्रमाणे कमी एवढेच होते की, त्याला सगळे थेट देवाकडून मिळाले होते. मध्ये कोणाचा हात आला नव्हता. म्हणून एका कुंभाराचा हात डोक्यावर पडला तेव्हा तो देवाचाच असेल ही शंकासुद्धा त्याला आली नाही.

रडत रडत नामदेवराय पंढरीला आले आणि देवाला गाऱ्हाणे सांगू लागले. देवाने समजूत घातली असती तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण देवाने घरच्या पोराची बाजू घेतली नाही. त्याने नामदेवांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे पाठविले. तिथे जाऊन पाहतात तो एक म्हातारा महादेवाच्या पिंडीवर पाय टाकून पडलेला! पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. पाय उचल म्हटले, तर म्हातारा म्हणाला की, बाबा, माझ्याने होत नाही, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. आणि नामदेवांना तशी जागा सापडेना.

या कथेत आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, नामदेवांनी ते पाय हातात घेतले. पिंडीवर पाय ठेवणाऱ्या, बेपर्वा दिसणाऱ्या त्या म्हाताऱ्याचे पाय हातात घेतल्यावाचून पुढचे देणे मिळणार नव्हते. ‘जिथे देव नसेल अशी जागा’ हे वाक्य दुरून ऐकून कळले असते तर ते नामदेवांना पंढरपुरातही कळले असते. ते पाय उचलून इकडेतिकडे ठेवताना कळले.

पिकते तिथे विकत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. दूरच्या विसोबांचे पाय धरणे एक वेळ सोपे. पण ज्याच्याबरोबर आपण एका ताटात जेवलो, भांडलो, ज्याचे कपडे धाकटेपणी घातले, त्या सख्ख्या भावाला गुरू मानावयाचे म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. ज्ञानोबा माउलींना देणे मिळाले ते निवृत्तिनाथांच्या हातून. निवृत्तिनाथांना ते त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांकडून मिळाले होते. दोघा भावांच्या वयात, परंपरेप्रमाणे, अवघ्या दोन वर्षांचे अंतर. १२९० साली, म्हणजे शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. एवढा ग्रंथ बोलणारा पंधरा वर्षांचा मुलगा पदोपदी हे सारे श्रेय थोरल्या भावाला देतो आणि त्याला अवघडल्यासारखे होत नाही. आपल्या घरात थोरल्या भावाने शेतातली एक गोष्ट बरोबर सांगितली तर ‘हो, तुझं खरं’ म्हणावयास आपली जीभ रेटत नाही, हे ज्याचे त्याने पाहावे.

आणि ग्रंथ पुरा झाल्यावर माउलींनी मागितले काय? पसायदान. पसाय म्हणजेच प्रसाद. वाग्यज्ञ झाला, आता देवाने संतुष्ट होऊन प्रसाद द्यावा, एवढेच मागणे. पण ते मागणे वाचून पाहा, त्यात स्वतःसाठी काही आहे का! दुष्टांचे दुष्टपण जावे, प्राण्यांत मैत्री व्हावी, ज्याला जे हवे ते त्याला मिळावे. चौदा विद्या ज्याच्या मुखातून वाहिल्या त्याने प्रसादाची ओंजळ पुढे केली आणि ती लोकांच्या वाटणीची म्हणून केली. रोज कीर्तनाअखेर आपण पसायदान म्हणतो. घाईत म्हणतो, चपला कुठे आहेत याकडे एक डोळा ठेवून म्हणतो. तेवढे तरी सावकाश म्हणत जावे, ही विनंती.

तुकोबारायांची गोष्ट आणखी निराळी. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात दुकान बसले, थोरली बायको अन्नावाचून गेली, मूल गेले. लोकांनी दिवाळखोर म्हणून तोंड फिरविले. अशा मनुष्याला देणे मिळाले ते स्वप्नात. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. वाटेत बाबाजी चैतन्य भेटले, मस्तकावर हात ठेवला, ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र दिला. आणि त्यांनी जेवणासाठी पावशेर तूप मागितले, ते द्यावयाचे तुकोबा स्वप्नात विसरून गेले! हे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. एवढा मोठा अनुग्रह झाला, आणि सांगताना त्यात हे तूप विसरल्याचेही सांगितले. दुसरा कोणी असता तर तेवढे वगळले असते. गुरूंनी साक्षात दर्शन दिले, हात ठेवला, मंत्र दिला, एवढेच चारचौघांत सांगितले असते. तुपाचा उल्लेख कशाला? पण ज्याला देणे खरेच मिळाले तो आपल्या हातून काय राहून गेले हेही विसरत नाही.

पुढे दुसऱ्या स्वप्नात नामदेवराय पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्वाचे काम लावून दिले. नामदेवांचा शतकोटी अभंगांचा संकल्प पुरा व्हावयाचा राहिला होता, त्यातले उरलेले तुकोबांनी करावयाचे. म्हणजे तुकोबांच्या वाट्याला आले ते दुसऱ्याचे अपुरे राहिलेले काम. जगाने ज्यांना अभंगाचा कळस म्हटले ते स्वतःला असे उरलेली मजुरी पुरी करणारे समजत. शिंप्याचे काम वाण्याकडे आले, एवढाच त्यांचा हिशेब.

इथे कोणी म्हणेल की, नम्रता म्हणजे जे येईल ते घ्यावे. तसे नव्हे. याच तुकोबांनी शिवाजीराजांनी पाठविलेला नजराणा परत केला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. स्वप्नातला मंत्र घेतला, अपुरे काम घेतले, आणि सोने परत धाडले. कोणते देणे देवाचे आणि कोणते देणे आपल्याला देवापासून दूर नेणारे, हे ओळखणे हाही आदराचाच भाग आहे. कीर्तनकाराने जिथे कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये, गळ्यात हार नको, कपाळी बुक्का नको, द्रव्य तर नकोच, असा कडक निर्बंध त्यांनी घालून दिला, तो या ओळखीतूनच.

या निर्बंधाविषयी दोन शब्द स्पष्ट बोलणे भाग आहे. हल्ली कीर्तनाची तारीख घ्यावयास गेले म्हणजे आधी बिदागीचा आकडा ठरतो. काही ठिकाणी तो आकडा ऐकून सप्ताह करणारी मंडळी गप्प परत फिरतात आणि गावात वर्गणी वाढवितात. दुसरी बाजूही आहे, ती आम्ही नाकारीत नाही. कीर्तनकाराला पोट आहे, मुलेबाळे आहेत, गाडीभाडे लागते. आणि गावकरीही असे की, मंडपाला, रोषणाईला, भोंग्याला हवे तेवढे देतील, पण रात्रभर उभे राहून साथ करणाऱ्या टाळकऱ्याला चहा विचारणार नाहीत. तेव्हा भाडे द्यावे, जेवू घालावे, सन्मान करावा, यात कोणाचे दुमत नसावे. पण घासाघीस? जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे कीर्तन शिकलेल्यांच्या पिढ्यांनी माधुकरी मागून शिक्षण केले. आळंदीच्या कोणा माउलीने दारात भाकरी वाढली म्हणून ओवीचा अर्थ कळला. ती भाकरी वाढताना तिने आकडा सांगितला नव्हता. गळा पांडुरंगाने दिला, अर्थ गुरूने दिला, भाकरी त्या बाईने दिली. मग विकावयास आपले असे राहिले काय?

आणि श्रोत्यांनीही फार मान वर करू नये. कीर्तन चालू असता मोबाईलवर चित्र घेण्यात गढलेला मनुष्य प्रसादाचे द्रोण कोंबून पिशवीत भरणाऱ्यासारखाच आहे. घरी नेऊन खाऊ म्हणतो आणि पिशवीतच आंबते.

बहिणाबाईंकडे वळू. त्या जातीने ब्राह्मण, शिऊरच्या. कोल्हापुरास असताना जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग कानी पडले आणि जीव वेडावला. तुकोबांना पाहिलेले नव्हते. त्यांच्याकडून अनुग्रह झाला तोही स्वप्नातच. पण हे स्वप्न घरात मानवेना. वाण्याच्या हातून ब्राह्मणाच्या बायकोने उपदेश घ्यावा? नवरा संतापला, मारहाण झाली, घर सोडून जाण्याची भाषा झाली. पुढे तोच नवरा दुखण्याने अंथरुणाला खिळला, त्याचे मन फिरले आणि दोघेही देहूला आली. बहिणाबाईंनी हे सारे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्यात कुठे आदळआपट नाही. देणे चुकीच्या दाराने आले असे घरच्यांना वाटले, पण देण्याला दार असते का? तिला मार खावा लागला तरी तिने आलेले देणे परत केले नाही आणि मारणाऱ्यालाही टाकले नाही. आम्हांस तर वाटते, देहूच्या वाटेवर नवरा बरोबर चालत होता, हेच त्या देण्याचे पहिले फळ.

आणि चोखोबा. त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी अडते. देवाने आपल्या गळ्यातला रत्नहार चोखोबांच्या गळ्यात घातला अशी कथा आहे. सकाळी पुजाऱ्यांना हार दिसेना. चोखोबांच्या गळ्यात सापडला. देणे मिळाले त्याचा आळ चोरीचा झाला, आणि त्यांना बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा झाली. बैल जागचे हलले नाहीत, एवढे देवाने केले. ही कथा आपण चमत्कार म्हणून सांगतो. पण बैल का हलले नाहीत हा प्रश्न नाही. माणसे का हलली, हा प्रश्न आहे. देवाचा हार ज्याच्या गळ्यात असू शकतो अशी माणसे कोणती आणि असू शकत नाही अशी कोणती, हे पुजाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. १३३८ साली मंगळवेढ्याला कुसवाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवराय तिथे गेले आणि विठ्ठलनाम ऐकू येते ती हाडे निवडून पंढरीला घेऊन आले. महाद्वारासमोर समाधी झाली. दाराच्या बाहेरच.

त्यानंतर सहाशे वर्षे ते दार चोखोबांच्या माणसांना बंद राहिले. १९४७ साली साने गुरुजींनी १ मे रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले, १० मे रोजी ते सुटले आणि मंदिर हरिजनांना खुले झाले. दहा दिवस अन्न न घेता बसलेल्या त्या माणसाच्या हातून पांडुरंगाने पंढरीला देणे दिले असे आम्ही मानतो. त्या वेळी सर्वांनी ते ओंजळ करून घेतले नाही, हेही खरे.

कोणी म्हणेल, हे झाले जुने. आता वारकऱ्यांत जात कोण पाहतो? आम्हीही असेच समजत होतो. एका गावच्या सप्ताहात, नाव सांगण्याचे कारण नाही, महाप्रसादाची पंगत बसली होती. बुंदी वाढावयास एक म्हातारी माउली परात घेऊन आली. गळ्यात माळ, कपाळी गोपीचंदन, चाळीस वर्षांची वारी. पंगतीतल्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थाने पत्रावळीवर हात आडवा धरला आणि म्हणाला, ‘मला गोड चालत नाही.’ ती पुढे गेली. मागून दुसरा एक तरुण बुंदी घेऊन आला, तेव्हा त्याच गृहस्थाने दोनदा घेतली. म्हातारीने मागे वळून पाहिले नाही. पण तिला कळले नसेल असे कोणी समजू नये. असल्या गोष्टी पाठीलासुद्धा कळतात. पंगत उठल्यावर त्याच गृहस्थाने वीणेकऱ्याच्या पायांवर डोके ठेवले, तेही आम्ही पाहिले. त्या डोके ठेवण्याला काय म्हणावे? देवाचा प्रसाद त्याच्या पत्रावळीपर्यंत आला होता आणि त्याने हात आडवा धरला. मग तरुणाकडून घेतली ती बुंदी खरी. प्रसाद होता असे आम्हांस वाटत नाही.

म्हणूनच आपल्या संप्रदायात एकमेकांच्या पाया पडण्याची चाल घातली गेली असली पाहिजे. भेटला वारकरी की वाक. तो वयाने लहान असो, तुझ्याकडे सालगडी असो, कालच माळ घातलेला असो. तो तुझ्या पायाला हात लावतो, तू त्याच्या पायाला लाव. कोणी आशीर्वाद द्यावयाचा आणि कोणी घ्यावयाचा हा प्रश्नच उरत नाही. हल्ली ही चाल घाईची झाली आहे. गुडघ्यापर्यंत हात नेऊन लोक पुढे सरकतात. तरी ती टिकली आहे, आणि टिकली आहे तोवर आशा आहे. उद्या आपल्याला जे देणे यावयाचे ते याच्या हातून येणार की त्याच्या, हे कोणाला ठाऊक! सगळ्यांच्याच पाया पडून ठेवलेले बरे.

नम्रतेचे एक खोटे रूपही असते. त्याची ओळख असावी. चांगला गळा असलेला मनुष्य, चार माणसे म्हणतात की, एक अभंग म्हणा, तर हा म्हणतो, ‘छे छे, मी पामर, माझी काय पात्रता!’ आणि अर्धा तास आग्रह करून घेतो. पात्रता तर नाहीच. ती कोणाची असते? पण प्रसाद हातावर पडल्यावर, मी याला लायक नाही, असे म्हणत तो तसाच धरून उभा राहणारा मनुष्य मागची सगळी रांग अडवितो. खावे, पुढे सरकावे. नाथांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ज्ञानेश्वरीची पोथी पाठभेदांनी, चुकांनी भरून गेली होती. नाथ महाराजांनी, माझी काय योग्यता, असे म्हणून ते काम टाळले नाही. १५८४ साली, शके १५०६ मध्ये, त्यांनी ग्रंथ शुद्ध केला. भागवताच्या एकादश स्कंधावर अठरा हजारांहून अधिक ओव्या लिहिणारा तो मनुष्य. ज्ञानेश्वरीत दोनचार ओव्या आपल्या घालणे त्यांना अशक्य होते काय? घातल्या नाहीत. इतरांनीही घालू नयेत असे बजावून ठेवले. काम अंगावर घ्यावे आणि त्यावर आपली मुद्रा उठवू नये, हे त्यांनी करून दाखविले. उत्तम वाढपी वाढतो तेव्हा त्याच्या हाताची चव पदार्थाला लागत नाही.

आणखी एक शंका आमच्याकडे वारकरी नेहमी बोलून दाखवितात. पूर्वी भजनात डोळे भरून येत, आता येत नाहीत. देवाने दिलेले परत घेतले का? नियमाने वारी करणाऱ्या, एकादशी न चुकविणाऱ्या माणसांचीच ही तक्रार असते. यावर आम्ही काय सांगावे? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा ते तेरा दिवस शिळेवर अन्नपाण्यावाचून बसले, हे डोळ्यांपुढे आणावे. त्या तेरा दिवसांत ते गोड बोलत बसले नव्हते. देवाशी भांडत होते. आपल्या संतांपैकी देवाशी भांडला नाही असा संत शोधून काढणे कठीण. नामदेव रुसले, जनाबाईने तर देवाला शिव्या घातल्या. आदर म्हणजे भीतीने तोंड बंद ठेवणे नव्हे. ज्याच्या दारी आपण ओंजळ धरून उभे आहोत त्याला, आज ओंजळ रिकामी का, असे विचारण्याचा हक्क वारकऱ्याला आहे. फक्त ओंजळ खाली सोडू नये. डोळे भरून आले नाहीत तरी टाळ वाजवावा, पहाटे उठावे, हरिपाठ म्हणावा. आणि मिळालेला अनुभव चारचौघांत फार सांगत सुटू नये. पूर्वीचे लोक म्हणत की, दुधाच्या भांड्यावर झाकण हवे.

नुकतीच माळ घातलेल्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, माळ कोणाच्या हातून घातली त्याचे नाव विसरू नका. तो मोठा महाराज असो की गावातला कोणी साधा फडकरी असो. पुढे तुम्ही त्याच्याहून जास्त ग्रंथ वाचाल, जास्त चांगले बोलाल. वर्षातून एकदा त्याच्या घरी जावे, ओट्यावर बसावे, त्याच्या घरची भाकरी खावी. तो थकला असेल तर त्याची पडशी आपण उचलावी. त्याचे एखादे पाठांतर आता चुकत असेल, तर ते त्याच्या तोंडावर दुरुस्त करू नये.

आषाढी पौर्णिमेला सगळ्या पालख्या गोपाळपुरास जातात. तिथे काला होतो. कोणी लाह्या आणतो, कोणी पोहे, कोणी दही, कोणाची शिदोरीतली उरलेली भाकरी असते. सगळे एकत्र कालवतात आणि एकमेकांच्या तोंडात घालतात. त्यात आपण आणलेली लाही आपल्याच वाट्याला आली की दुसऱ्याच्या, हे कोणाला सांगता येत नाही आणि कोणी पाहतही नाही. घास भरविणारा अनोळखी असतो. पुन्हा आयुष्यात भेटेलच असे नाही. तोंड पुसून त्याच्या पाया पडावे, त्याने आपल्या पडावे, आणि मग पालख्या परतीच्या वाटेला लागतात.